मदिनाबीनं अडवलेला पाला

चऱ्होलीत एखादी बाई बाळंत झाली की त्या घरातून दोन निरोप निघायचे. एक बाळंतिणीच्या माहेरी आणि दुसरा मदिनाबी अत्तारणीकडे. माहेरचा निरोप पोचायला दिवस मोडायचा. मदिनाबीला मात्र बातमी आधीच लागलेली असायची, कारण छबूबाई सुईण काम उरकून घरी जाताना तिच्या दारावरूनच जायची आणि न थांबता हातानं खूण करायची. एक बोट म्हणजे मुलगा, दोन म्हणजे मुलगी. तिसरी एक खूण होती, उघडा तळहात. ती केली की मदिनाबी काही विचारायची नाही.

दुसऱ्या दिवशी दिवस उगवायला ती त्या घराच्या मागच्या दारी उभी. काखेत निर्गुडीच्या पाल्याचा भारा. तो पाला हंड्यात घालायचा, पाण्याला चहासारखा रंग येईपर्यंत उकळायचा आणि त्या कढत पाण्यानं बाळंतिणीला न्हाऊ घालायचं. अंग मोकळं होतं, कंबर धरत नाही, वारं शिरत नाही. हे बारा दिवस चालायचं. बाराव्या दिवशी मदिनाबीच्या पदरात सूपभर बाजरी पडायची, कुठं एखादं जुनेर मिळायचं. मागच्या दाराच्या आत मात्र तिचं पाऊल कधी पडलं नव्हतं. कुणी तसं सांगितलेलं नव्हतं. ते ठरलेलंच होतं.

ती मूळची चाकणची. पेठेत तिच्या बापाचं मण्याबांगड्यांचं दुकान होतं. पंधराव्या वर्षी ती नूरमोहम्मद अत्ताराची बायको होऊन चऱ्होलीला आली. नूरमोहम्मदचं घर म्हणजे पुढं दुकान आणि मागं संसार. दुकानात हिरडा, वावडिंग, डिकेमाली, सुंठ, डिंक, सुरमा आणि वर फळीवर अत्तराच्या चार बाटल्या, ज्यांचं बूच ईदेशिवाय निघत नसे. सासू हसीनाबी फार बोलणारी बाई नव्हती. लग्नाला महिना झाल्यावर एका सकाळी तिनं सुनेच्या हातात विळा दिला आणि तिला इंद्रायणीच्या काठाला नेलं.

गावाच्या खालच्या अंगाला, घाट संपतो तिथून पुढं, निर्गुडीचं बेट होतं. पुरुषभर उंचीची झुडपं, पाण्याला चिकटून. शेळ्या तिला तोंड लावत नाहीत, म्हणून ती माजलेली. हसीनाबीनं एक डहाळी वाकवून पान उलटं करून दाखवलं. वरून हिरवं, खालून राख फासल्यासारखं. मग बोटांत चुरगाळून सुनेच्या नाकाशी धरलं. मदिनाला शिंक आली. हसीनाबी म्हणाली, "हा वास नाकात बसला पाहिजे. डोळ्यांनी पाला ओळखणारा फसतो." मग तिनं शिकवलं ते एवढंच. एका झुडपाला ओरबाडायचं नाही, चार झुडपं फिरायची. कोवळा शेंडा ठेवायचा. मूळ उपटायचं नाही, कारण तिच्या मुळ्यांनी काठाची माती धरलेली असते. बोटाएवढ्या सरळ फोका बुरडांसाठी सोडायच्या, त्यांच्या कणग्या आणि पाट्या त्यातूनच होतात. कोवळा पाला न्हाणीला, जून पाला तेलाला, वाळला पाला ज्वारीच्या कणगीत, किडा लागू नये म्हणून. सासू गेली तेव्हा मदिनाला यातलं सगळं येत होतं, आणि सासूला ठाऊक नसलेली एक गोष्टही येत होती.

ती गोष्ट चाकणची. एक्केचाळीस साली तिची धाकटी बहीण नजमा बाळंतपणाला माहेरी आली होती. मदिना तिच्यासाठी चऱ्होलीहून पाला घेऊन गेली आणि तिथंच राहिली. तिसऱ्या दिवशी नजमाला हुडहुडी भरली. सगळ्यांनी सांगितलं, वारं शिरलं, पाणी अजून कढत करा. मदिना सात दिवस हंड्याखाली लाकडं सारत बसली. चौथ्या दिवसापासून न्हाणीतून वाहून येणाऱ्या पाण्याला वास यायला लागला होता. निर्गुडीच्या वासाखालून येणारा, सडत चाललेल्या कशाचा तरी. तिनं तो घेतला आणि कुणाला सांगितलं नाही, कारण सांगून काय करायचं हे तिलाही ठाऊक नव्हतं. आठव्या दिवशी नजमा गेली. मूलही महिन्याभरात गेलं. मदिना चऱ्होलीला परतली आणि दुसऱ्याच दिवशी दुसऱ्या कुणाच्या मागच्या दारी पाला घेऊन उभी राहिली. लोक म्हणाले, बाई घट्ट आहे. ती घट्ट होती की नाही हे तिनं स्वतः कधी ठरवलं नाही.

तिला स्वतःला एकच मुलगा, इम्तियाज. तो खडकीला मोटारीच्या कामाला लागला आणि तिकडचाच झाला.

पंचावन्न साली पिंप्रीच्या माळावर औषधाचा सरकारी कारखाना चालू झाला आणि आसपासच्या गावांतली तरणी पोरं तिकडं धावली. चऱ्होलीतून दोघंतिघं लागले. त्यात दुर्गाबाईचा सयाजी होता. दुर्गाबाई म्हणजे गावातलं वजनदार बाईमाणूस. नवरा लवकर गेला, तिनं शेत एकटीनं कसलं, भावकीला दाराबाहेर ठेवलं, मुलाचं लग्न केलं. तिच्या शब्दाला गावात किंमत होती आणि तिच्या घरात तिच्याच शब्दाला किंमत होती. मुलगा शेत सोडून सायकलवरून भोसरीमार्गे पिंप्रीला बाटल्या धुवायला जातो, हे तिला फार लागलं होतं.

सयाजी मात्र खुशीत असायचा. एकदा तो सुंठ घ्यायला नूरमोहम्मदच्या दुकानात आला आणि तिथंच फळीला टेकून उभा राहिला.

"चाचा, आमच्या कारखान्यात औषध कशापासून करत्यात म्हाईत हाय का? बुरशीपासून."

नूरमोहम्मदनं तराजू खाली ठेवला. "बुरशी? भाकरीवर येती ती?"

"तसलीच. ती वाढवायची, तिचा रस काढायचा. जखमेत पू झाला, रगतात इख पसरलं, तर सुईनं द्यायचं. आमची म्हातारी म्हणती, शिळी भाकर आपण उकिरड्यावर टाकतो आणि सरकार बाटलीत भरतं."

नूरमोहम्मद दाढीत हसला. आतल्या दारात मदिना डिंक निवडत बसली होती. तिनं मान वर न करता विचारलं, "बाळंतरोगाला चालतं का रं ते?"

सयाजीला ठाऊक नव्हतं. पण तो शब्दाचा पक्का. आठवड्यानं सायकलवरून उतरून मुद्दाम सांगायला आला. "चाची, पांढऱ्या कोटाच्या सायबाला इचारलं. म्हणाला, व्हय, चालतं. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात देत्यात."

"बरं," मदिना म्हणाली. 

छपन्न सालच्या भाद्रपदात सयाजीची बायको विमल बाळंत झाली. पहिलटकरीण, अठरा-एकोणीस वर्षांची, शेल पिंपळगावची. तिची आई नसल्यामुळे बाळंतपण सासरीच होतं. छबूबाईनं जाताना दोन बोटं दाखवली. तिच्या चालण्यावरून मदिनाबीला कळलं की वेळ बराच लागला होता आणि छबूबाई दमली होती.

पहिले दोन दिवस सगळं रीतीप्रमाणं झालं. मदिनाबीनं पाला दिला, दुर्गाबाईनं तो हातात तोलून घेतला, दोघी पावसावर दोन शब्द बोलल्या. तिसऱ्या दिवशी दुर्गाबाई म्हणाली, "उंद्या जरा जास्त आण. पोरीला हुडहुडी भरलीया."

चौथ्या दिवशी मदिनाबी दुप्पट भारा घेऊन गेली. भारा दिला आणि निघाली, पण मागच्या परड्यातून जाताना न्हाणीच्या मोरीशी थांबली. आधल्या दिवशीचं पाणी अळवाच्या पानांखाली साचलं होतं. पाऊस होता, शेणामुताचा वास होता, निर्गुडीचा वास होता. ती वाकली, मग सरळ झाली आणि मागं फिरली.

"दुर्गाबाई, पोरीला बघू का जरा?"

देव्हाऱ्याला पाय लावणाऱ्याकडे बघावं तसं दुर्गाबाईनं तिच्याकडे बघितलं. "काय बघायचंय?"

"ताप कसा हाय ते."

"ताप तापासारखाच हाय. वारं शिरलंय. खोली गच्च बंद केलीया, शेक चाललाय. उंद्या पाचवी. बाळंतिणीच्या खोलीत सुईण आणि मी, तिसरं कुणी न्हाई."

मदिनाबी घरी आली. नूरमोहम्मदला तिनं सगळं सांगितलं. घरात दोघं दखनी-मराठी मिसळून बोलायची. तो म्हणाला, "अपना काम पाला देने का. बाकी उनका वो देखेंगे." मग त्यानं मराठीत जोड दिली, "आन दुर्गाबाईच्या घरात बोट घालायचं म्हंजे इंगळीच्या बिळात."

पाचव्या दिवशी मदिनाबी पाला घेऊन गेली नाही. लग्न होऊन आल्यापासून गावात बाळंतीण असताना ती गेली नाही, असं कधी घडलं नव्हतं. ती घाटावर धुणं घेऊन बसली होती. तिनं काही ठरवलं होतं असंही नाही. त्या हंड्याखाली आपण पुन्हा लाकूड सारायचं नाही, एवढंच तिला कळत होतं.

दिवस कासराभर वर आला तेव्हा दुर्गाबाई स्वतः घाटावर आली. पाच-सहा बाया धूत होत्या. दुर्गाबाईनं आवाज खाली ठेवला नाही.

"पाला का आला न्हाई आज?"

"आणला न्हाई."

"नदीनं न्हेली का काय निर्गुडी?"

"निर्गुडी हाय जाग्यावर. मीच देणार न्हाई."

बायांचे हात थांबले. दुर्गाबाई दोन पायऱ्या उतरली.

"माझ्या सासूपासून तुमच्या घरचा पाला येतोय आमच्याकडं. आज पाचवी, सटवाई पुजायची, आणि आजच तुला नाट लावायचं सुचलं?"

"दुर्गाबाई, ह्या तापाला पाला न्हाई. अंग दुखत असंल तर हाय, सूज असंल तर हाय. ह्याला न्हाई. पोरीला पुण्याला न्या. आजच न्या. माझी भन अशीच गेली. सात दिस मी पाणी तापवत बसले."

"तुझी भन गेली म्हणून माझी सून जायाची व्हय?"

 मदिनाबीनं पिळा पिळला आणि दगडावर ठेवला.  दुर्गाबाई घाटावरून सरळ खाली गेली, निर्गुडीच्या बेटात घुसली आणि हाताला येतील त्या डहाळ्या कडाकड मोडायला लागली. कोवळं-जून काही बघितलं नाही. एक झुडूप तर तिनं जवळजवळ नागवं केलं. वेंगभर पाला घेऊन, लुगड्याचा घोळ चिखलात भरलेला, ती बायांसमोरून निघून गेली.

मदिनाबी तिच्या पाठीकडे बघत राहिली. निर्गुडी काही तिच्या बापाची नव्हती. नदीची होती, ज्याला लागेल त्यानं तोडावी. पाला अडवून काही अडत नाही, ही साधी गोष्ट तिच्या ध्यानात आली, आणि तिला स्वतःचा थोडा रागही आला.

ती धुणं तसंच पिळून घरी गेली, वाळत टाकलं आणि डोक्यावर इरलं घेऊन बाहेर पडली.

"कुठं?" नूरमोहम्मदनं विचारलं.

"भोसरीच्या वाटंला. आज पाचवी, सयाजी कामावरून लवकर येईल."

"रस्त्यात उभी राहून परक्या गड्याची सायकल अडवणार? लोगां क्या बोलेंगे?"

"बोलतील काय बोलायचं ते. तुमी दुकान बघा."

ओढ्याच्या उताराला सायकलवरून उतरावंच लागतं, तिथं ती बाभळीखाली उभी राहिली. दोन तास गेले असतील. बैलगाड्या गेल्या, ओळखीची माणसं गेली, एक-दोघांनी विचारलं, "काय चाची, इकडं कुठं?" ती म्हणाली, "जरा काम हाय." सयाजी आला तेव्हा त्याच्या कॅरिअरला पाचवीच्या पूजेचा नारळ बांधलेला होता.

तिनं त्याला थोडक्यात सांगितलं. आडपडदा ठेवला नाही. पाण्याला येणारा वासही सांगितला, जो कुठल्या बाईनं गड्यामाणसाला सांगू नये. सयाजीचं तोंड उतरलं. सायकलची घंटी उगाच अंगठ्यानं दाबत तो म्हणाला, "आईला इचारतो."

"आईला इचारलंस तर ती न्हाई म्हणंल. विमलला इचार."

"तिला?"

"तिला कुणी इचारलंय का आतापर्यंत?"

 पाच दिवसांत सयाजीनं बायकोचं तोंड बघितलं नव्हतं. सोयर होतं, आणि त्या खोलीत गड्यानं जायची रीत नव्हती. मुलगीसुद्धा त्यानं दारातून, आईच्या हातावर, एकदाच बघितली होती.

"तुमच्या कारखान्यात जे करत्यात," मदिनाबी म्हणाली, "ते तिला लागणार. माझ्याकडं ते न्हाई. असतं तर मीच दिलं असतं."

पुढचं तिनं स्वतः बघितलं ते गल्लीच्या तोंडाशी उभं राहून. बाकीचं छबूबाईनं मागाहून सांगितलं. सयाजी घरात गेला तो थेट त्या खोलीत. खोलीत शेगडीचा धूर आणि निर्गुडीची वाफ कोंडलेली. विमल बाजेवर होती. तो जवळ बसला, तिला हाक मारली. तिनं डोळे उघडले आणि त्याला "दादा" म्हणाली. दादा म्हणजे तिचा शेल पिंपळगावचा भाऊ. सयाजी बाहेर आला आणि शेजारच्या सोनबाला म्हणाला, "गाडी जुंप."

दुर्गाबाई दारात आडवी झाली. "पाचवी पुजल्याबिगर बाळंतीण उंबऱ्याभाईर पडत न्हाई."

"आई, बाजूला व्हय."

"पडायची असंल तर माझ्या अंगावरनं जाऊ दे."

आईच्या तोंडाला तोंड न देणारा म्हणून सयाजी गावात ओळखला जायचा. त्या वेळीही त्यानं दिलं नाही. तो आत गेला, विमलला घोंगडीत गुंडाळून दोन्ही हातांवर उचललं आणि दारात येऊन उभा राहिला. बोलला नाही, ढकललंही नाही. सुनेची मान त्याच्या दंडावरून खाली लोंबत होती. दुर्गाबाईनं ती बघितली. किती वेळ बघितली हे छबूबाईला सांगता येईना. मग दुर्गाबाई दारातून बाजूला झाली, आत गेली, पोरीला दुपट्यात बांधून घेऊन आली आणि मुलाच्या आधी गाडीत जाऊन बसली.

गाडी गल्लीच्या तोंडाशी आली तेव्हा मदिनाबी पुढं झाली. दवाखान्यात नीट सांगणारं कुणीतरी हवं, म्हणून तिला जायचं होतं. दुर्गाबाईनं वरूनच म्हटलं, "तू न्हाई यायचं."

मदिनाबी मागं सरली. गाडी आळंदी-पुणे रस्त्याच्या फाट्याकडे गेली. तिथून पुण्याची मोटार मिळणार होती.

चार दिवस गावात काही कळलं नाही. सोनबा गाडी घेऊन परत आला, त्यानं एवढंच सांगितलं की मोटारीत जागा मिळाली. मदिनाबी दुसऱ्या एका घरी पाला घालत होती. वरच्या आळीत बाळंतीण होती, तिथं सगळं ठीक होतं. पण त्या घरच्या बायकांनी तिला विचारलं, "दुर्गाबाईच्या सुनंचा पाला अडवला म्हणं तुमी?" ती म्हणाली, "व्हय."  नूरमोहम्मदनं त्या चार दिवसांत तिला काही ऐकवलं नाही. संध्याकाळी तो दुकान लवकर लावून घ्यायचा आणि तिच्याजवळ बसून हिरडे फोडायचा, जे काम त्याला मुळीच आवडत नसे.

पाचव्या दिवशी सयाजी कपडे न्यायला आला. घरी जायच्या आधी दुकानात आला. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. फळीवर हात टेकून म्हणाला, "ताप उतारलाय, चाची."

मग तो एकामागून एक सांगत सुटला. एक डॉक्टरीण होती, तिनं आल्या आल्या सगळ्यांना झाडलं. दर तीन तासांनी सुई. पहिले दोन दिवस फरक नव्हता, तिसऱ्या दिवशी विमलनं पाणी मागितलं. सुईला ती भ्यायली नाही. दवाखान्यातल्या पावाला मात्र म्हातारीनं हात लावू दिला नाही, त्याला आंबूस वास येतो म्हणून. ती बाहेरून भाकरी मिळवून आणते आणि वॉर्डाच्या दारात बसून असते. नर्सनं रिकामी बाटली टाकली तेव्हा सयाजीनं ती उचलली. असल्याच बाटल्या तो रोज धूत होता. वरचं इंग्रजी त्याला येत नव्हतं, म्हणून त्यानं नर्सला वाचायला सांगितलं. ती म्हणाली, पिंप्रीचं आहे.

"खोटं न्हाई सांगत, चाची. माझ्या हातनं धुतलेली बी असंल."

"असंल की," मदिनाबी म्हणाली. तिनं त्याला बसायला पाट दिला आणि आत जाऊन चहाचं आधण ठेवलं. चुलीपुढं ती जरा जास्तच वेळ बसली. चहा उतू गेला तेव्हा नूरमोहम्मदनं बाहेरून हाक मारली.

विमल तीन आठवड्यांनी परत आली. वाळून काटकी झालेली, पायांवर सूज. पोर मात्र धडधाकट होती. गाईच्या दुधावर, दुर्गाबाईच्या मांडीवर वाढलेली. डॉक्टरणीनं सांगितलं होतं, पुन्हा मूल होणं अवघड. ते खरं ठरलं. विमलला दुसरं मूल झालं नाही. भावकीतल्या बायकांनी दुर्गाबाईच्या कानाशी दुसऱ्या सुनेचा विषय काढून बघितला, पण तिनंच तो मोडून काढला. "एक वाचवली तीच बास झाली," असं ती म्हणाली, असं छबूबाई सांगते. कुणी वाचवली, हे ती म्हणाली नाही.

विमलच्या पायांना शेकायला पाला लागत होता. मदिनाबी तो छबूबाईच्या हाती द्यायची. दुर्गाबाई तो घ्यायची, उकळायची, सुनेचे पाय शेकायची. पाला कुठून येतो हे तिनं छबूबाईला विचारलं नाही. मदिनाबीशी ती त्यानंतर कधी बोलली नाही. घाटावर समोरासमोर आल्या तर दुर्गाबाई पदर सारखा करायची आणि पुढं जायची. सुनेला दवाखान्यात न्यायला लावलं याचा तिला राग नव्हता. पाच बायांत, पाचवीच्या दिवशी, स्वतः येऊन केलेली मागणी मोडली याचा होता. तिच्या बाजूनं बघितलं तर तो खराही होता. गावातल्या तीन-चार घरांनी मदिनाबीचा पाला बंद केला. अडवणाऱ्या हाताचा पाला नको, ते म्हणाले.

माघात एकदा विमल धुणं घेऊन घाटावर आली. मदिनाबी तिथं होती. विमलनं शेजारचाच दगड धरला आणि धुवायला लागली. मग म्हणाली, "चाची, मला त्या दिसांतलं कायबी आठवत न्हाई."

"बरंच हाय की."

"तुमच्या भनीचं नाव काय व्हतं?"

"नजमा."

विमलनं ते नाव एकदा स्वतःशी म्हटलं, धुण्याची बादली डोक्यावर घेतली आणि गेली.

मदिनाबीनं त्यानंतर पाला कधी अडवला नाही. अडवून उपयोग नाही हे तिनं त्या दिवशी निर्गुडीच्या मोडलेल्या डहाळ्यांकडे बघूनच ओळखलं होतं. तिनं दुसरी रीत धरली. पाला द्यायचा आणि लगेच निघायचं नाही. मागच्या परड्यात, मोरीच्या अंगाला, भिंतीशी उकिडवं बसायचं. आत पाणी तापायचं, बाळंतीण न्हायची, पाणी वाहून बाहेर यायचं. ते बघितल्यावर उठायचं. जाताना घरच्या बाईला तीन गोष्टी विचारायच्या. थंडी वाजली का, पोट दुखतं का, पोराला ओळखते का. काही घरांना हे रुचलं नाही. म्हणाले, ही काय आमच्या मोरीवर पहारा बसवते? काहींना सवय झाली. छबूबाई स्वतःहून तिला बोलावू लागली. दोघींनी मिळून पुढच्या तीन वर्षांत दिघी, वडमुखवाडी, चऱ्होली मिळून चार बाया पुण्याला पाठवल्या. त्यातल्या तीन परत आल्या. चौथी वडमुखवाडीची होती. तिला तिच्या माणसांनी दोन दिवस उशिरा नेलं. तिच्या सासऱ्यानं नंतर मदिनाबीला शिव्या दिल्या. तिनं त्या ऐकून घेतल्या आणि घरी येऊन त्या दिवशी जेवली नाही.

खडकीहून इम्तियाज दर ईदेला म्हणायचा, अम्मी, तिकडं चल, इथं चिखलात काय ठेवलंय? ती दरवेळी म्हणायची, पुढच्या साली बघू. नूरमोहम्मदला खरं तर जायचं होतं. त्याचे गुडघे धरले होते आणि निर्गुडीच्या तेलानं ते सुटत नव्हते, हे तो गिऱ्हाइकांना मात्र सांगत नसे.

एकोणसाठच्या थंडीत दिघीला एका नव्या घरी बाळंतीण होती. सोलापूरकडून कामासाठी आलेली माणसं, मदिनाबीला न ओळखणारी. तिनं पाला दिला आणि मोरीच्या भिंतीशी बसली. थंडी होती, ऊन अजून परड्यात आलं नव्हतं. घरातली म्हातारी दोनदा डोकावली. तिसऱ्यांदा बाहेर येऊन म्हणाली, "बाई, पाला मिळाला की. बाजरी बाराव्याला देऊ म्हटलंय ना? मग बसलीस का?"

"पाणी येऊ द्या," मदिनाबी म्हणाली.

म्हातारीला काही कळलं नाही. ती आत गेली आणि एका पितळीत चहा घेऊन आली. तो भिंतीवर ठेवला, हातात दिला नाही. मदिनाबीनं उचलून घेतला. आत हंड्यातलं पाणी ओतल्याचा आवाज झाला, पोर रडलं, बाळंतीण काहीतरी म्हणाली आणि कुणीतरी हसलं. पाणी मोरीतून आलं, तांबूस, वाफाळतं. मदिनाबी वाकली. निर्गुडीचा वास होता, आणि दुसरा कुठलाच नव्हता. तिनं चहा संपवला, पितळी धुऊन पालथी घातली, तिन्ही प्रश्न विचारले आणि उन्हाला पाठ देऊन चऱ्होलीच्या वाटेला लागली.